हळद लाल का झाली?

"धाड्!"

मल्हारच्या पाठीत असा सणसणीत धपाटा बसला, की त्याच्या हातातला पाण्याचा पाइप सुटला आणि फवारा थेट सिद्धीच्या तोंडावर गेला.

"आई गं! अगं, ही पाठ आहे की ऐरण?" मल्हार कळवळला.

"हरलास की! मग कुरकुर कशाला?" अश्लेषाने हात झटकले. "डबी उघडी राहिली आणि कापूर हवेत उडून गेला, तर तो भौतिक बदल. कापूर कापूरच राहिला, नुसता वायू झाला. तू रासायनिक म्हणालास. धपाटा!"

"आणि जाळला तर?" सिद्धीने ओले केस पिळत विचारलं.

"जाळला तर रासायनिक. धूर होतो, काजळी होते. कापूर संपला तो संपलाच. त्याचे दुसरेच पदार्थ झाले."

हा खेळ सिद्धीच्या सुट्टीतल्या अभ्यासातून निघाला होता. भौतिक बदल कोणते, रासायनिक कोणते, उदाहरणं गोळा करा म्हणे! सुट्टीत अभ्यास कोण करतो? पण चुकेल त्याला धपाटा, असा नियम अश्लेषाने काढला आणि सकाळपासून तिघांच्या अभ्यासाला नुसता ऊत आला होता.

मल्हार नववीत, त्याची बहीण सिद्धी सहावीत. दोन वर्षांपूर्वी ही मंडळी पुण्याहून बेंगळुरूच्या मारतहळ्ळीला राहायला आली. दसऱ्याच्या सुट्टीत दोघं बनशंकरीला मामाकडे आली होती. मामा म्हणजे अश्लेषाचे अप्पा, शिवाप्पा. मूळचे बेळगावकडचे, पण या कारखान्यांच्या गल्लीत, आपल्या दुकानात, लोखंड कातायचं लेथ मशीन चालवता चालवता त्यांचे केस पांढरे झाले. आणि आठवीतली अश्लेषा म्हणजे नुसती ठिणगी! तोंड उघडायच्या आधी हिचा हात चालायचा. शाळेत, गल्लीत, बसस्टॉपवर, कुणाशी ना कुणाशी जुंपलेलीच. अप्पांकडे रोज एक तरी तक्रार यायची आणि अप्पा कपाळाला हात लावायचे.

आज खंडेनवमी होती. बेंगळुरूत हिला आयुधपूजा म्हणतात. आज पान्याला, हातोड्याला, मशीनला हात लावायचा तो फक्त धुवायला आणि कुंकू लावायला. गल्लीभर रिक्षा न्हाऊन, झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. दारादारात चुरमुऱ्यांचे ढीग होते. आणि कोहळे! कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, दुकानावरून ओवाळायचा आणि दाणकन रस्त्यावर आपटायचा. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनी सकाळीच तीन-चार कोहळे फोडले होते. डोकी फुटावीत तसा लाल चिखल रस्त्यावर पडला होता.

"कोहळा फुटला! सांग!" मल्हारने सूड घ्यायची संधी साधली.

"भौतिक."

"चूक! परत जोडता येतो का? नाही ना? मग रासायनिक! वळ!"

"हात खाली घे! जोडता येत नाही म्हणून काय झालं? हजार ठिकऱ्या झाल्या तरी कोहळ्याचा कोहळाच की! नवा पदार्थ कुठं जन्मला? तेवढंच बघायचं असतं रे. नवा पदार्थ जन्मला का? नाही. मग तूच वळ!"

धाड्!

"ए पोरांनो!" आतून अप्पांचा आवाज आला. "मारामारी नंतर करा. आधी पाणी मारा. मुहूर्त जवळ आला!"

सकाळपासून गल्लीत करंट नव्हता, त्यामुळे सगळं काम अंधुक उजेडात चाललं होतं. आणखी एक भानगड होती. दर वर्षी दुकान धुतलं की पाणी समोरच्या गटारात जायचं. यंदा समोरचा रस्ता नव्याने सिमेंटचा झाला आणि दुकानापेक्षा वीतभर उंच झाला. मग पाणी जाणार कुठे? ते मागे फिरलं आणि शेजारच्या भिंतीच्या तळाशी एक भोक होतं, त्यातून गुडूप होऊ लागलं. "बरंच झालं, आपोआप निचरा होतोय," असं म्हणून अप्पांनी तिसरं पिंप ओतायला लावलं. पलीकडे काय आहे, याचा विचार कुणीच केला नाही.

पलीकडे योगीराजची केळ्यांची वखार होती.

"रक्त! अशूताई, रक्त!"

सिद्धीची किंकाळी ऐकून दोघं धावत बाहेर आली. सिद्धी वखारीच्या बंद शटरसमोर पांढरीफटक पडून उभी होती. गल्लीची रीतच होती, की सणाला सगळ्या दुकानांच्या उंबऱ्यांना एकाच घरातल्या मुलींनी हळद लावायची. सिद्धीने सकाळीच वखारीच्या उंबऱ्याला पिवळीधम्मक हळद फासली होती. आता तिथे मधोमध लालभडक ओघळ उतरला होता.

"आत कुणाला तरी मारलंय!" सिद्धी म्हणाली.

"अय्यो, थांब की जरा!" अश्लेषा खाली वाकली. शटरखालून दुधासारखं पांढरं पाणी झिरपत होतं. ते हळदीला जिथे जिथे शिवत होतं, तिथे तिथे हळद लाल होत होती. "रक्त कसलं! आरतीसाठी आई हळदीत चुना कालवते आणि लाल पाणी करते, तसलं आहे हे."

"हळद अधिक चुना, लाल रंग. रासायनिक बदल!" मल्हार म्हणाला. "म्हणजे आत चुना आहे. सिंपल! मिस्ट्री खल्लास."

"मग हे बुडबुडे कसले?"

पांढऱ्या पाण्याबरोबर खडीएवढे करडे खडे वाहून आले होते आणि त्यांच्यातून बुडबुडे येत होते. थांबायचं नावच नाही! अश्लेषाने पाण्याला बोट लावलं. पाणी कोमट होतं. तिने नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. लसूण सडल्यासारखा घाणेरडा वास! हा वास तिच्या ओळखीचा होता. पण कुठला ते काही केल्या आठवेना.

तिने एक खडा उचलला. तिघं दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत गेली. मल्हारने मगात पाणी घेतलं आणि अश्लेषाने खडा त्यात टाकला. फसफसाट सुरू झाला! हातातला मग गरम झाला, पाणी पांढरं झालं, वास नाकात गेला.

"मीठ विरघळताना असं होतं का?" अश्लेषा पुटपुटली. "मीठ गुपचूप विरघळतं. हे विरघळत नाही. इथं नवा पदार्थ जन्मतोय. कसला तरी गॅस."

"बघू, मला बघू!" सिद्धी पुढे सरसावली. पूजेच्या गडबडीत पेटलेली उदबत्ती तिच्या हातातच राहिली होती, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

भप्प!

मगावर आगीचा पिवळा लोळ उठला. मल्हार उताणा पडला. त्याच्या हातातला मग दूर उडाला, काळी काजळी हवेत तरंगली आणि केस जळाल्याचा दर्प सुटला. मल्हारची डावी भुवई गायब झाली होती!

"माय आयब्रो!" मल्हार किंचाळला. "माझी भुवई!"

पण अश्लेषाचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला आता वास आठवला होता. पलीकडच्या गल्लीतला म्हातारा गॅसवेल्डिंगवाला! त्याच्या लोखंडी टाकीतून हाच वास यायचा. तो टाकीत खडे घालायचा, वर पाणी सोडायचा आणि निघालेल्या गॅसवर लोखंड वितळवायचा. लोखंड!

"कार्बाइड," ती म्हणाली. "आत कार्बाइड आहे. केळी लवकर पिवळी करायला ठेवलंय. फळं पिकवायला ते वापरायची बंदी आहे, आमच्या बाईंनी सांगितलं होतं."

"एका खड्याने माझी भुवई नेली," मल्हार उठून बसला. त्याचा आवाज उतरला होता. "आणि आपण सकाळपासून तिकडे किती पाणी सोडलं?"

केळी पिकत घातली की वखार गच्च बंद ठेवतात. सगळा गॅस आत कोंडला असणार. आणि गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे म्हणून दोन्ही दुकानांवरून पेटता कोहळा ओवाळायचा मान होता अप्पांचा. आधी स्वतःच्या दुकानावरून, मग शटर उघडून वखारीत शिरायचं.

जळता कापूर हातात घेऊन अप्पा त्या गॅसमध्ये शिरणार होते.

मल्हारने धावत जाऊन पाइपाचा नळ बंद केला. अश्लेषाने योगीराजला गाठलं. तो आपल्या स्कूटरला माळ घालत होता. चांगला धिप्पाड गडी, कपाळभर कुंकू.

"योगीराजअण्णा, शटर उघडू नका! आत कार्बाइडमध्ये पाणी गेलंय. गॅस साठलाय!"

योगीराजचा चेहरा क्षणभर पडला. मग लगेच ताठ झाला.

"कार्बाइड? कुणी सांगितलं? चुना आहे तो, चुना! भिंतीला लावायला आणलाय. पाण्यात विरघळला असेल, दुसरं काय!"

"विरघळलेला नाही! चुन्याच्या पाण्याला आग लागते होय? याची भुवई बघा!"

"हळू बोल!" योगीराजने इकडेतिकडे पाहिलं आणि मल्हारचा कान असा पिळला, की तो चवड्यांवर उभा राहिला. "माझ्या वखारीत डोकावता? चोरटे कुठले! उद्या दसरा आहे. माझा सगळा माल उद्या बाजारात जायचाय. कुठं एक शब्द जरी बोललात ना, तंगड्या मोडीन!"

"कान सोडा त्याचा!"

"नाही सोडत! काय करशील?"

त्याने दुसऱ्या हाताने अश्लेषाची वेणी धरून हिसडली. अश्लेषाच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. मग तिने काय केलं? जे तिला येत होतं तेच केलं. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली!

योगीराज बोंबलला. सगळी गल्ली गोळा झाली. अप्पाही आले. त्यांनी योगीराजच्या मनगटावर उमटलेले दात बघितले आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"सणाच्या दिवशी माणसाला चावलीस? अगं, कुत्रं आहेस का तू?"

"अप्पा, ऐका की! वखारीत गॅस आहे. कापूर घेऊन आत जाऊ नका! स्फोट होईल!"

"शिवाप्पाअण्णा, मुहूर्ताला असलं अभद्र बोलणं बरं का हे?" योगीराज मनगट चोळत म्हणाला.

"अप्पा, माझं ऐका!"

"बास! एक शब्द नको. रोज कुणाची तरी कागाळी ऐकायची, आज सणाला पण तेच! पूजा होईपर्यंत माझ्यासमोर येऊ नकोस."

अश्लेषाचा राग डोक्यात गेला. इतका, की तिला रडूसुद्धा येईना. चावली नसती तर कदाचित अप्पांनी ऐकलं असतं. पण आता उपयोग काय?

मल्हारने आपल्या आईचा जुना मोबाइल काढला आणि मदतीचा ११२ नंबर लावला. पलीकडून कन्नडमध्ये विचारणा झाली. मल्हारची कन्नड म्हणजे 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं, दोन शब्दांत खलास! अश्लेषाने फोन हिसकावला आणि भराभर सगळं सांगितलं. फोनवरच्या बाईंनी एकदाही तिला गप्प बस म्हटलं नाही. गाडी निघते आहे, पण रस्त्यांवर मिरवणुका आहेत, उशीर होईल. तोवर तिथे आग नको, विजेचं बटण नको, पाणी तर मुळीच नको. सगळ्या माणसांना लांब न्या.

"लांब न्या म्हणे!" मल्हार हताश झाला. "आपल्यासाठी कोण हलणार आहे?"

तेवढ्यात ढोल सुरू झाला.

अप्पा दुकानातून बाहेर आले. दोन्ही हातांत कोहळा, त्यावर कापूर धडाडून पेटलेला. त्यांनी दुकानावरून ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग ते वखारीकडे वळले. मागे अश्लेषाची आई, शेजारणी, रिक्षावाले, ढोलवाला. पुढे योगीराज, शटरचं कुलूप काढायला खाली वाकलेला.

"अप्पा!"

अश्लेषा गर्दीतून बाणासारखी सुटली. तिने उडी मारली आणि दोन्ही हातांनी कोहळ्याला तडाखा दिला. कोहळा अप्पांच्या हातून उडाला, दुकानाच्या पायरीवर आपटला आणि फुटला. कुंकू सगळ्यांच्या अंगावर उडालं. जळता कापूर पायरीवर घरंगळला आणि मल्हारने तो बुटाखाली चिरडला.

ढोल थांबला. पूजेचा कोहळा अवेळी फुटला! एक म्हातारी "शिव शिव" म्हणाली.

अप्पांचा हात उठला.

फाट्!

अश्लेषाचं डोकं एका बाजूला वळलं. कानात शिट्टी वाजू लागली. अप्पा रागाने बोलायचे, खूप बोलायचे. पण त्यांनी आजवर कधी हात उगारला नव्हता. आज सगळ्या गल्लीसमोर उगारला! गालापेक्षा ते जास्त झोंबलं.

"दुसरा कोहळा आणा रे!" योगीराज ओरडला. "या पोरीला कोंडा कुठं तरी!"

एक रिक्षावाला नवा कोहळा घेऊन आला. आईने कापराची डबी उघडली. पुन्हा सगळं तेच! अश्लेषाने गालावरचा हात काढला. आता समजावणं नाही, विनवणं नाही. मोठी माणसं सांगून हलत नाहीत. पण त्यांच्या वस्तूला हात लावला तर?

"मल्हार," ती दात आवळून म्हणाली, "कोपऱ्यापर्यंत पळायचं. मिळेल ते उचल. सिद्धी, योगीराजच्या मागच्या खिशात बघ."

सिद्धीने पाहिलं. खिशातून नवा कोरा मोबाइल डोकावत होता. तिचे डोळे लकाकले.

"एक, दोन, तीन!"

अश्लेषाने नवा कोहळा रिक्षावाल्याच्या हातून खेचला. मल्हारने चकचकीत पितळी आरतीचं ताट, निरांजनाला फुंकर मारून, बगलेत घातलं आणि जाता जाता ढोलवाल्याच्या दोन्ही काठ्याही पळवल्या. आणि सिद्धी? ती उंदरासारखी योगीराजच्या मागून गेली. त्याला कळलंसुद्धा नाही!

"चोर! पूजेचं ताट नेलं!"

"माझ्या काठ्या!"

"पकडा रे त्या अवलक्षणी पोरीला!"

सगळी वरात उलटी फिरली आणि पोरांच्या मागे धावत सुटली. अप्पा सगळ्यांत पुढे होते. आई पदर खोचून मागे. फक्त योगीराज जागेवरच उभा होता, हातात कुलूप घेऊन.

"योगीराजअण्णा!" सिद्धी लांबून ओरडली आणि तिने मोबाइल उंच धरला. "तुमच्या बायकोचा फोन येतोय! उचलू का?"

योगीराजने खिसा चाचपला. कुलूप तिथेच टाकलं आणि बैलासारखा धावत निघाला.

काय पळाली ती तिघं! सांडलेल्या चुरमुऱ्यांवरून घसरत, रिक्षांना वळसे घालत. कुणीतरी फेकलेला नारळ मल्हारच्या कानाजवळून गेला. मागून एक चप्पल येऊन अश्लेषाच्या पाठीत बसली. तिचा पाय कोहळ्याच्या गरावर सटकला, गुडघा फुटला, पण ती उठली आणि पुन्हा पळाली. छाती फुटायला आली होती. अप्पांचा श्वास तिला मागे ऐकू येत होता. या, अप्पा, या! अजून थोडं!

कोपऱ्यावर अप्पांनी तिला गाठलं. दंडाला धरून गरकन फिरवलं. त्यांचा हात पुन्हा वर गेला.

"मारा!" अश्लेषा किंचाळली. "हवं तेवढं मारा! पण इथं मारा! तिकडं परत जाऊ नका!"

अप्पांचा हात हवेतच थांबला.

आणि त्याच क्षणी गल्लीत करंट आला. दिव्यांच्या माळा लुकलुकल्या, कुठल्याशा स्पीकरवर आरती सुरू झाली. बंद वखारीत, केळ्यांच्या वर बसवलेला पंखाही सुरू झाला. त्याच्या जुन्या मोटारीतून एक ठिणगी पडली.

धडाम्!!

जमीन हादरली. वखारीचं लोखंडी शटर कागदासारखं चुरगळून रस्ता ओलांडून गेलं आणि समोरच्या भिंतीत घुसलं. पत्रे उडाले. काचा फुटल्या. आगीचा लोळ छपरातून वर गेला. अप्पांनी अश्लेषाला खाली पाडलं आणि ते तिच्यावर पालथे पडले. विटा बदाबदा कोसळत होत्या. एक तुकडा अप्पांच्या खांद्यावर बसला आणि ते कळवळले. मग आभाळातून अर्धवट भाजलेली केळी पडू लागली.

सगळे एकदमच बोलू लागले, रडू लागले, आपापली माणसं शोधू लागले. आई आली, मल्हार आणि सिद्धी आली. माणसं मोजली. सगळी होती! कुणाला खरचटलं होतं, कुणाचं कपाळ फुटलं होतं. पण सगळी जिवंत होती.

जिथे अप्पा कापूर घेऊन उभे राहणार होते, तिथे वखारीचा दरवाजाच उरला नव्हता. दोन्ही दुकानांमधली भिंत आडवी झाली होती आणि अप्पांचं लेथ मशीन विटांखाली गाडलं गेलं होतं.

योगीराज रस्त्यावर बसकण मारून बसला होता. "मी कुलूप काढत होतो," एवढंच तो परत परत म्हणत होता. सिद्धीने त्याचा मोबाइल त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ओंजळीत तोंड लपवलं.

आगीचे बंब मिरवणुकीतून वाट काढत आले. जवानांनी आग विझवली, तीसुद्धा आधी कार्बाइडचे उरलेले डबे वाळू टाकून दूर नेऊन. मग बंबाबरोबर आलेले मिशीवाले अधिकारी गल्लीत फिरले, पांढरा चिखल पाहिला, लाल उंबऱ्याचा तुकडा पाहिला. योगीराजने पोलिसांसमोर सगळं कबूल केलं. सणाच्या मोठ्या मागणीसाठी त्याने बंदी असलेलं कार्बाइड आणलं होतं आणि चुना म्हणून दडवलं होतं.

"फोन कुणी केला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

अश्लेषा पुढे झाली. गुडघ्यातून रक्त, केस विस्कटलेले, गालावर चार बोटं उमटलेली.

"तुला कसं कळलं, की हा नुसता चुना विरघळलेला नाही?"

"चुना लाल करतो हळदीला. तेवढं बरोबर होतं. पण चुना आधी नव्हताच, तो तिथं तयार होत होता. आणि बरोबर गॅसही. पाणी गरम, बुडबुडे, वास. दोन नवे पदार्थ जन्मले, म्हणजे आधीचा पदार्थ वेगळाच असणार. आणि गॅस पेटतो, हे याच्या भुवईनं सांगितलं."

मल्हारने उरलेली भुवई उंचावली. जवान हसले.

"बरोबर! अगदी बरोबर!" अधिकारी गर्दीकडे वळले. "कार्बाइड पाण्याला भेटलं की ॲसिटिलीन वायू होतो, आणि मागे चुना उरतो. तुम्ही सगळे पांढरं पाणी बघून गप्प बसलात. या तीन पोरांनी डोळे उघडे ठेवले, म्हणून आज मला इथून नुसती केळी उचलावी लागली. शाब्बास रे वाघांनो!"

टाळ्या पडल्या. ढोलवाल्याने मल्हारला जवळ ओढलं. आईने सिद्धीला कडेवर घेतलं, एवढी मोठी असून. अधिकारी कागद काढून लिहू लागले.

"साहेब," अप्पा म्हणाले. त्यांचा एक हात झोळीत बांधलेला होता. "काय लिहिलंत?"

"मुलांनी वेळेवर कळवलं, लोकांना बाहेर काढलं."

"अजून एक लिहा. ही माझी मुलगी मला सांगायला आली होती. मी ऐकलं नाही. वर तिला सगळ्या गल्लीसमोर मारलं."

अधिकाऱ्यांनी पेन बंद केलं.

"अण्णा, हे कशाला? रिपोर्टमध्ये असलं घालत नाहीत."

"घाला. मारलं सगळ्यांसमोर, मग हेही सगळ्यांसमोर होऊ दे. शिवाप्पानं मारलं, आणि चूक शिवाप्पाची होती. लिहा साहेब."

योगीराजने वेणी ओढली तेव्हा अश्लेषा रडली नव्हती. गालावर चपराक बसली तेव्हा नाही, विटा कोसळल्या तेव्हाही नाही. आता मात्र तिचा ओठ वाकडा झाला आणि ती लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडली.

"अप्पा, लई लागलं मला!"

"व्हय बाळा. लागलं असणार." अप्पांनी धड हाताने तिला जवळ घेतलं. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "परत कधी नाही."

अधिकाऱ्यांनी पेन उघडलं आणि अप्पांनी सांगितलं ते सगळं लिहून घेतलं.